संगणकाला एकदा शिकवा, तक्ते शंभरदा करून घ्या

टोकावडे हे मुरबाड तालुक्यातले गाव. कल्याणहून मुरबाड, सरळगाव करीत माळशेज घाटाकडे निघाले की महामार्गावर ते लागते. या भागातल्या माणसाचे पोट भाताच्या शेतीवर, वीटभट्टीवर, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीवर किंवा कल्याण-ठाण्याच्या नोकरीवर चालते. यांपैकी कुठेही गेले तरी एक वस्तू त्याची पाठ सोडत नाही. ती म्हणजे तक्ता!

रोजगार हमीच्या कामावर माती उपसलेल्या आपल्या आया-बहिणींना हजेरीपट म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तो एक तक्ताच. शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी, रेशनची यादी, पतपेढीचे हप्ते, बचत गटाची जमा, मंडळाचा जमाखर्च, विहाराच्या बांधकामाची वर्गणी, हे सगळे तक्तेच. उभे रकाने, आडव्या ओळी आणि त्यांच्या चौकटीत बसलेली आपली नावे. माणूस खरा असतो, काम खरे असते, घामही खरा असतो. पण यादीतून त्याची ओळ गळाली की कचेरीच्या लेखी तो माणूस आलेलाच नसतो. मग सुरू होतात हेलपाटे. एका हेलपाट्याला एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी जाते. चूक दुसऱ्याची, दंड मात्र गरिबाला.

एके काळी हे तक्ते लिहिणारे दुसरे होते आणि आपण फक्त अंगठा उठवणारे होतो. आज तशी स्थिती नाही. आपल्या घरातली मुले-मुली संगणकावर बसतात. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि २००२ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांनी संगणकाची तोंडओळख करून घेतली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षाही आता संगणकावर होतात. प्रमाणपत्र हातात येते, फ्रेम करून भिंतीवर लागते. पुढे काय? पुढे बहुतेकांची गाडी टायपिंगपाशीच थांबते. तोच तक्ता, त्याच रेघा, तीच मथळ्याची ओळ, दर महिन्याला पुन्हा पुन्हा हाताने! गेली वीसेक वर्षे कारकुनी करताना मी हे रोज पाहतो आहे. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर एका साध्या पण उपयोगी विद्येची ओळख करून देत आहे. तिचे नाव मॅक्रो.

मॅक्रो म्हणजे काय?

वीटभट्टीवर काम केलेल्याला साचा ठाऊक असतो. साचा एकदा नीट बनवला की त्यातून हजारो विटा एकाच मापाच्या पडतात. दर विटेला फूटपट्टी लावावी लागत नाही. मॅक्रो हा संगणकातला साचा आहे. आपण जी कामे एकामागून एक करतो त्यांची मालिका संगणकाला एकदा करून दाखवायची, तिला एक नाव द्यायचे आणि एक कळ नेमून द्यायची. पुढच्या वेळी ती कळ दाबली की सगळी मालिका त्याच क्रमाने आपोआप घडते.

‘मॅक्रो’ हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ मोठा. म्हणजे आज्ञा छोटी आणि काम मोठे. १९८९ साली मायक्रोसॉफ्टच्या वर्डची विंडोजवर चालणारी आवृत्ती आली तेव्हापासून तिच्यात मॅक्रोची सोय आहे. १९९७ च्या आवृत्तीपासून हे मॅक्रो व्हिज्युअल बेसिक या भाषेत लिहिले जातात. पण बंधू-भगिनींनो, या नावाने दचकू नका. ही भाषा न शिकताही मॅक्रो बनवता येतो, कारण वर्डमध्ये मॅक्रो ‘रेकॉर्ड’ करण्याची सोय आहे. रेकॉर्डिंग चालू असताना पडद्यावरच्या बाणाला कॅसेटचे छोटे चित्र चिकटते. ज्या पिढीने कॅसेटवर गाणी ऐकली त्या पिढीला याहून सोपी खूण कोणती हवी? एकदा भरा, हवी तेव्हा वाजवा.

बचत गटाचे बारा तक्ते

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बचत गटात १२ भगिनी आहेत. प्रत्येकी महिना १०० रुपये, म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये जमा. दर महिन्याचा एक, असे वर्षाचे बारा तक्ते एकाच फाइलमध्ये आहेत. बँकेत दाखवण्यासाठी ते एकसारखे आणि स्वच्छ करायचे आहेत. प्रत्येक तक्त्यावर पाच कामे आहेत. तक्ता निवडणे, त्याची रुंदी पानाइतकी करणे, सगळ्या रेघा मारणे, एकच ओळ दोन पानांत तुटू न देणे आणि मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा येईल असे करणे. पाच कामे आणि बारा तक्ते, म्हणजे साठ वेळा तेच ते. चहा गार होतो, मान अवघडते आणि चाळिसाव्या वेळी लक्ष उडून चूक होते.

यातली शेवटची दोन कामे कुणाला क्षुल्लक वाटतील. ती तशी नाहीत. साठ नावांची यादी तीन पानांवर गेली आणि दुसऱ्या पानावर मथळा नसला, तर ‘हजर दिवस’ कोणता रकाना आणि ‘देय रक्कम’ कोणता हे वाचणाऱ्याला कळत नाही. ओळ मधूनच तुटली तर नाव एका पानाच्या तळाला आणि रक्कम दुसऱ्या पानाच्या डोक्यावर जाते. झेरॉक्स काढताना एक पान राहिले की त्या बाईचे नाव आहे पण पैसे नाहीत, किंवा पैसे आहेत पण नाव नाही! नुसता तक्ता नीट मांडल्याने एखाद्याची मजुरी वाचते, हे ध्यानात ठेवावे.

रेकॉर्ड करण्याची रीत

आता कृती पाहू. मुलांनी हे वाचताना संगणकासमोर बसावे. आधी मूळ फाइलची एक प्रत करून घ्यावी आणि काम प्रतीवरच करावे. हा नियम कधीही मोडू नये. मॅक्रो एका क्षणात पुष्कळ बदल करतो आणि ते उलटे फिरवताना नाकी नऊ येतात.

पहिली पायरी. कर्सर पहिल्या तक्त्याच्या पहिल्या चौकटीत ठेवावा. कुठून सुरुवात केली हे मॅक्रोच्या बाबतीत फार महत्त्वाचे असते. रेकॉर्ड करताना कर्सर जिथे होता, तशाच जागी तो चालवतानाही असला पाहिजे.

दुसरी पायरी. वरच्या पट्टीवरील ‘व्ह्यू’ या भागात उजवीकडे ‘मॅक्रोज’ असते. त्याखालचा बाण दाबून ‘रेकॉर्ड मॅक्रो’ निवडावे. एक खिडकी उघडते. तिच्यात मॅक्रोला नाव द्यावे. नाव इंग्रजी अक्षराने सुरू करावे आणि मध्ये मोकळी जागा सोडू नये. ‘तक्तानीट’ असे काहीतरी इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चालते.

तिसरी पायरी. त्याच खिडकीत ‘कीबोर्ड’चे चित्र असते. ते दाबून कळ नेमावी. कंट्रोल, आल्ट आणि एखादे अक्षर असा जोड घ्यावा. तो जोड आधीच दुसऱ्या कामाला दिलेला असेल तर खिडकीत तसे दिसते. मग दुसरे अक्षर घ्यावे. ‘असाइन’ आणि ‘क्लोज’ केले की रेकॉर्डिंग सुरू होते.

चौथी पायरी. आता पाच कामे सावकाश करावीत. एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेकॉर्डिंग चालू असताना माउस ओढून मजकूर निवडता येत नाही. वरच्या पट्टीवरची बटणे मात्र माउसने दाबता येतात. म्हणून तक्ता निवडण्यासाठी तक्त्याच्या ‘लेआउट’ भागातील ‘सिलेक्ट’ आणि त्यातले ‘सिलेक्ट टेबल’ दाबावे. मग ‘ऑटोफिट’मधून रुंदी खिडकीइतकी करावी. ‘टेबल डिझाइन’मधून सगळ्या रेघा माराव्यात. ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रो’ या भागात जाऊन ओळ दोन पानांत तुटू देण्याची खूण काढून टाकावी. शेवटी डावीकडच्या बाणाची कळ दाबावी, म्हणजे कर्सर पुन्हा पहिल्या चौकटीत येतो. तिथे ‘लेआउट’मधील ‘रिपीट हेडर रोज’ दाबावे.

पाचवी पायरी. पुन्हा ‘व्ह्यू’, ‘मॅक्रोज’ आणि ‘स्टॉप रेकॉर्डिंग’. झाला साचा तयार!

आता दुसऱ्या तक्त्यात पहिल्या चौकटीवर टिचकी मारावी आणि नेमलेली कळ दाबावी. पाचही कामे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतात. उरलेल्या अकरा तक्त्यांना अकरा वेळा कळ दाबली की संपले. मात्र एकाच तक्त्यावर हा मॅक्रो दोनदा चालवू नये. मथळा पुन्हा आणण्याचे बटण विजेच्या बटणासारखे आहे. एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद. दुसऱ्या वेळी मॅक्रो चालवला तर चालू झालेला मथळा बंद पडू शकतो.

एखादी हुशार मुलगी विचारील, अकरा वेळा तरी कळ का दाबायची? प्रश्न रास्त आहे. आल्ट आणि एफ ११ या कळा दाबल्या की रेकॉर्ड झालेल्या आज्ञा लिहिलेल्या दिसतात. त्यांच्यात थोडी भर घालून ‘या फाइलमधील प्रत्येक तक्त्यासाठी हे कर आणि मग पुढच्या तक्त्याकडे जा’ असे सांगता येते. मग तक्ते बारा असोत की दोनशे, कळ एकदाच दाबायची. इथून खरी प्रोग्रामिंगची वाट सुरू होते. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतले अभियंते ज्या वाटेने गेले, तिची पहिली पायरी ही अशी साधी असते.

मात्र एक अडचण येते. ज्या तक्त्यात उभ्या चौकटी जोडून एक केलेल्या असतात, उदाहरणार्थ एकाच कुटुंबाचे नाव चार ओळींसमोर एकदाच लिहिलेले असते, तिथे वर्डला एकेक ओळ सुटी धरता येत नाही आणि मॅक्रो मध्येच थांबतो. त्यावर उपाय असा, की ज्या तक्त्यावर मॅक्रो चालवायचा त्यात चौकटी जोडू नयेत. नाव चार वेळा लिहावे लागले तरी हरकत नाही.

बेरजेचे सापळे

वर्डच्या तक्त्यात बेरीजही करता येते. रकान्याच्या तळाशी कर्सर ठेवून ‘लेआउट’मधील ‘फॉर्म्युला’ दाबले की ‘वरच्या सगळ्यांची बेरीज’ असे सूत्र येते. हेही मॅक्रोमध्ये रेकॉर्ड करता येते. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हिशेबाच्या बाबतीत सावध करणे माझे कर्तव्य आहे.

पहिला सापळा रिकाम्या चौकटीचा. आपल्या गटातली पाचव्या क्रमांकाची भगिनी आजारी होती, तिने त्या महिन्यात पैसे भरले नाहीत आणि लिहिणाऱ्याने तिची चौकट मोकळी सोडली. खरी जमा ११ जणींची, म्हणजे १,१०० रुपये. पण वर्ड खालून वर मोजत जातो आणि रिकाम्या चौकटीपाशी थांबतो. त्याला सहाव्या ते बाराव्या अशा सातच ओळी मिळतात आणि तो बेरीज देतो ७०० रुपये. चारशे रुपये हवेत! गटाच्या सभेत एवढ्यावरून भांडण पेटते, सचिव बाईच्या प्रामाणिकपणावर शंका येते, आणि सगळ्याचे मूळ असते एक मोकळी चौकट. म्हणून जिथे काही नाही तिथे शून्य लिहावे.

दुसरा सापळा मथळ्यातल्या आकड्याचा. रकान्याच्या डोक्यावर नुसते २०२४ असे वर्ष लिहिलेले असेल तर वर्ड तोही आकडा बेरजेत धरतो. बारा जणींचे १,२०० आणि वरचे २,०२४ मिळून ३,२२४ रुपये होतात. म्हणजे गटाकडे नसलेले दोन हजार रुपये कागदावर दिसू लागतात!

तिसरा सापळा जुन्या बेरजेचा. वरचा आकडा दुरुस्त केला तरी खालची बेरीज आपोआप बदलत नाही. बेरजेवर जाऊन एफ ९ ही कळ दाबावी लागते. हे काम मॅक्रोच्या शेवटी घालून ठेवावे. शिवाय बेरजेच्या रकान्यात आकडे इंग्रजी अंकांतच लिहिणे सोयीचे.

आणि हिशेब मोठा असेल, व्याज, हप्ते, शिल्लक असे पुष्कळ रकाने असतील, तर वर्डचा हट्ट धरू नये. ते काम एक्सेलचे. पत्र, इतिवृत्त, अर्ज, ठराव अशा मजकुराबरोबर जो तक्ता छापायचा असतो तो वर्डचा. साठ जणांना एकाच मजकुराची साठ पत्रे पाठवायची असतील तर त्यासाठी ‘मेल मर्ज’ ही निराळी सोय आहे. ज्याचे काम त्याला द्यावे.

पोलीस पालघर!

मॅक्रोचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे फाइलभर शब्द बदलणे. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण पाहा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. पंधरा तालुक्यांपैकी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके तिकडे गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर हे सात इकडे राहिले. ज्यांच्या फाइलींत जुने तक्ते होते त्यांना जिल्ह्याचा रकाना दुरुस्त करणे आले.

समजा, जव्हार-मोखाड्याच्या एका यादीत कुणी घाईने मॅक्रो चालवला की ‘ठाणे’ दिसेल तिथे ‘पालघर’ कर. काय होईल? जिल्ह्याचे नाव बदलेल हे खरे, पण त्याच यादीत जिथे जिथे ‘पोलीस ठाणे’ लिहिले आहे तिथे ‘पोलीस पालघर’ होईल! टोकावड्याला पोलीस ठाणे आहे. आपण हसतो, पण संगणक हसत नाही. त्याला अर्थ कळत नाही, फक्त अक्षरे दिसतात. आपल्या महामार्गाच्या दुसऱ्या टोकाच्या अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. तिथेही हीच काळजी घ्यावी लागते. जुन्या दाखल्यावर, जन्मतारखेच्या नोंदीवर, मुद्रांकाच्या कागदावर त्या वेळी जे नाव होते ते तसेच राहिले पाहिजे. जुन्या दस्ताची नक्कल करताना नवे नाव घातले तर ती नक्कल मुळाशी जुळत नाही आणि अर्ज परत येतो.

यावर तीन उपाय आहेत. एक, सगळी फाइल न घेता फक्त जिल्ह्याचा रकाना निवडून त्यातच बदल करावा. दोन, ‘सगळे बदल’ असे न म्हणता एकेक दाखवून विचारणारी रीत वापरावी. तीन, बदलाआधी आणि बदलानंतर ओळी मोजाव्यात आणि पाच-दहा ओळी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. साचा वाकडा असला तर हजारच्या हजार विटा वाकड्या पडतात. हाताने केलेली चूक एका ओळीत राहते. मॅक्रोची चूक सगळ्या यादीत पसरते.

जुन्या फॉन्टचे दुखणे

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक त्रास माहीत आहे. जुन्या काळी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असे निरनिराळे फॉन्ट होते. एका कचेरीतली फाइल दुसऱ्या कचेरीत उघडली की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. कारण या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांवरच देवनागरीचे रूप चढवलेले असे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातल्या लिप्यांना, त्यांत आपल्या देवनागरीलाही, स्वतःचे क्रमांक मिळाले. आज मोबाईलवर आपण मराठी संदेश पाठवतो तो याच युनिकोडच्या आधारावर.

पण जुन्या याद्या, जुने ठराव, मंडळांची जुनी सभासद नोंद अजून त्या जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे. ती युनिकोडमध्ये आणण्यासाठी मॅक्रो फार उपयोगी पडतो. तो एकेक जुने चिन्ह शोधून त्या जागी युनिकोडचे अक्षर घालतो. पण नुसती अदलाबदल पुरत नाही. ‘विजय’ या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये ‘व’च्या आधी टाइप होई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती ‘व’च्या नंतर येते, कारण उच्चार तसा आहे. रफाराचे याच्या उलट. ‘धर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘म’च्या नंतर टाइप होई, युनिकोडमध्ये आधी येतो. म्हणून मॅक्रोला वेलांटी पुढे सरकवायला आणि रफार मागे आणायला शिकवावे लागते. तसे केले नाही तर यादीतली नावे विद्रूप होतात. नावात एक वेलांटी चुकली की आधार कार्डाशी नाव जुळत नाही आणि पुन्हा हेलपाटा. असे रूपांतर झाल्यावर प्रत्येक नाव माणसाने वाचून पाहिलेच पाहिजे.

ओळखीच्या वेषातला चोर

ज्या हत्याराने घर बांधतात त्यानेच घर फोडतात. मॅक्रोही तसाच आहे. १९९५ साली ‘कॉन्सेप्ट’ नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोमधून पसरला. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ आला. तो ईमेलने आलेल्या वर्डच्या फाइलमध्ये लपलेला असे. फाइल उघडून मॅक्रो चालू झाला की तो त्या माणसाच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवून देई. ओळखीच्या माणसाकडून पत्र आले म्हणून लोक ते उघडत आणि फसत. २०१६ साली ‘लॉकी’ नावाच्या विषाणूने याच मार्गाने शिरून फाइलींना कुलूप घातले आणि कुलूप काढण्यासाठी खंडणी मागितली. शेवटी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय अमलात आणला.

आपण यातून काय घ्यावे? अनोळखी ईमेलवर ‘तुमची नोकरी पक्की’, ‘अनुदान मंजूर यादी’ अशी फाइल आली आणि ती उघडताच ‘एनेबल कंटेंट’ करा असे सांगू लागली, तर ते बटण दाबू नये. गरजू मुलांची नोकरीची आशा हेच या चोरांचे भांडवल असते. खरी भरती यादी वाचण्यासाठी मॅक्रो चालू करावा लागत नाही. फसवणूक होऊन खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची आशा कमी.

वर्ड नसेल तर?

प्रत्येकाच्या घरी संगणक नाही आणि वर्ड विकत घेणे सर्वांना परवडत नाही. त्यांच्यासाठी ‘लिबरऑफिस’ आहे. २०११ साली त्याची पहिली आवृत्ती आली. ते पूर्ण मोफत आहे आणि कायदेशीर आहे, चोरीची प्रत वापरण्याची गरज नाही. त्यातील ‘रायटर’मध्ये मॅक्रो रेकॉर्ड होतात, पण ती सोय आधी चालू करावी लागते. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात मॅक्रो रेकॉर्डिंगची खूण करावी. वर्डइतके सगळे त्यात रेकॉर्ड होत नाही, पण शिकण्यासाठी ते पुरेसे आहे. मोबाईलवरच्या वर्डमध्ये मात्र मॅक्रो चालत नाहीत. त्यासाठी संगणकच हवा.

सायबर कॅफेत किंवा संस्थेच्या संगणकावर काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. नेहमीच्या रीतीने केलेला मॅक्रो त्या संगणकातच राहतो. आपल्याबरोबर न्यायचा असेल तर रेकॉर्ड करतानाच ‘याच फाइलमध्ये साठवा’ असे निवडावे आणि फाइल जतन करताना ‘मॅक्रोसहित’ असा प्रकार घ्यावा. मग पेनड्राइव्हवरून तो कुठेही नेता येतो. मुरबाड-शहापूरकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय हाताला लावून घ्यावी.

पालकांना दोन शब्द

काही आई-वडील विचारतील, काम लवकर झाले तर मालक माणसे कमी नाही का करणार? ही भीती अगदीच खोटी नाही. नुसते टायपिंग येणाऱ्याची जागा यंत्र घेत आहे, हे गिरणीच्या आणि छापखान्याच्या कामगारांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले, टंकलेखन यंत्र गेले. पण ज्याला यंत्राला काम सांगता येते आणि यंत्राची चूक पकडता येते, त्याची गरज संपलेली नाही. आता तर संगणकाला साध्या भाषेत सांगितले की तो स्वतः मॅक्रो लिहूनही देतो. तो बरोबर लिहिला आहे की ‘पोलीस पालघर’ करून ठेवणार आहे, हे ओळखणारा माणूस तरीही लागतोच. ती ओळख अभ्यासानेच येते.

म्हणून मुलीला ‘प्रमाणपत्र मिळाले, आता बस’ असे म्हणू नये. परीक्षा झाल्यावरच खरे शिकणे सुरू होते. रविवारी दोन तास तिला संगणकासमोर बसू द्यावे. घरात नसेल तर वस्तीतल्या मंडळाने एक जुना संगणक घ्यावा, त्यावर लिबरऑफिस टाकावे आणि ज्याला येते त्याने चार जणांना शिकवावे. पहिल्या रविवारी नुसता तक्ता, दुसऱ्या रविवारी मथळा आणि रेघा, तिसऱ्या रविवारी मॅक्रो रेकॉर्ड करणे, चौथ्या रविवारी बेरीज आणि पडताळणी. महिन्याभरात हात बसतो. सरावासाठी खोटे तक्ते कशाला? आपल्याच बचत गटाची वही घ्यावी, मंडळाचा जमाखर्च घ्यावा. सरावही होईल आणि हिशेबही स्वच्छ होईल.

एक शेवटची सूचना. मॅक्रोने केलेली यादी छापली की ती ज्यांच्या नावांची आहे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. ज्या आजीला अक्षर येत नाही तिलाही आपले नाव आणि आपली रक्कम ऐकून ओळखता येते. यादी गेली कचेरीत आणि चूक सापडली सहा महिन्यांनी, असे होण्यापेक्षा ती सभेतच सापडलेली बरी. दुरुस्त करायला मग एक कळ पुरते.